दाजींना बघवत नाही

रविवारी सकाळी नाशिकच्या भद्रकालीतल्या मटणाच्या दुकानासमोर, पण रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, दुकानाकडे पाठ करून आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढता एखादे गृहस्थ उभे दिसले, तर ते आमचे दाजी आहेत असं समजायला हरकत नाही. नजर समोरच्या भिंतीवरच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासच्या जाहिरातीवर. ती जाहिरात त्यांना आता तोंडपाठ आहे. ऑर्डर तिथूनच जाते, रहदारीच्या डोक्यावरून.

"चाचा, सीना आणि मांडी मिक्स! चरबी बेताची! दोन नळ्या! कलेजी ताजी असेल तरच टाका!"

"साहेब, एकदा इकडे येऊन बघा तरी."

"तुम्हीच बघा चाचा. मला नाही बघवत."

ओंडक्यावर सत्तूर पडला की दाजींचे खांदे वर जातात. दुकानातला पोरगा पिशवी घेऊन रस्ता ओलांडतो. दाजी ती दोन बोटांनी धरतात, सोबत आणलेल्या दुसऱ्या काळ्या पिशवीत घालतात आणि डिकीत टाकून झाकण लावतात. घरी डिकी उघडायचं काम ताईचं. मटण धुऊन त्याला हळद-मीठ लागेपर्यंत दाजी अंगणात जास्वंदीला पाणी घालत राहतात. कांदा-खोबरं भाजल्याचा वास सुटला की मग ते आत येतात आणि म्हणतात, "काळा मसाला जरा सढळ हाताने हं." जेवायला बसल्यावर पहिली नळी त्यांची. ती ताटाच्या काठावर ठोकायची, डोळे मिटून चोखायची, आणि वर म्हणायचं, "बोकड कोवळा होता." ज्याच्याकडे तासाभरापूर्वी पाठ केली होती, त्याच्या वयाचा अंदाज दाजींचा कधी चुकत नाही.

त्यांना ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ढोंग्याला लोकांची पडलेली असते. दाजी एकटे असले तरी असेच वागतात. टाकीत पडलेली मधमाशी ते पानावर घेऊन उन्हात ठेवतात आणि तिचे पंख वाळेपर्यंत बसून राहतात. कोणत्याही मुक्या जिवाबद्दल बोलताना त्यांचं वाक्य 'बिचारं'पासून सुरू होतं. मासळी घ्यायला गेले तर डोकी तिथेच उडवून घेतात, कारण "ते माझ्याकडे बघतं." हल्ली ते मोबाईलवरून बोनलेस मागवतात. पाकिटावर एक हसरी कोंबडी असते, स्वतःच्या तंगड्या आनंदाने विकत असल्यासारखी. दाजींना ते पाकीट फार पटतं. "हे बरं. यात कोणी मेलंय असं वाटतच नाही." ही हसरी कोंबडी जिथून येते ती शेडं दिंडोरीच्या रस्त्याला लागतात. पिल्लू आत जातं आणि सहाएक आठवड्यांत दोन किलोचं होऊन बाहेर पडतं. तिथून जाताना दाजी काच वर करतात आणि म्हणतात, "काय वास! असल्या गोष्टींना परवानगी कोण देतं?"

टीव्हीवरचे जंगलाचे कार्यक्रम त्यांना मनापासून आवडतात. म्हणजे हरणं चरत असतात तोवर. चित्ता गवतात दबा धरून बसला की दाजी खुर्चीत पुढे सरकतात. "अरे पळ! पळ ना बावळटा, मागे बघ!" चित्ता सुटला की रिमोट सुटतो आणि पडद्यावर कीर्तन लागतं. मग थोड्या वेळाने, अंदाज घेत, "सुटलं का गं ते?"

ताई भाजी निवडत असते. मान वर न करता सांगते, "सुटलं."

इतक्या वर्षांच्या संसारात ताईने एकही हरीण मरू दिलेलं नाही.

एकदा मात्र पंचाईत झाली. चित्तीण आणि तिची चार पिल्लं. बरगड्या दिसत होत्या. निवेदक सांगत होता, आज शिकार मिळाली नाही तर पिल्लं जगणार नाहीत. दाजींना कळेना कोणाला पळ म्हणावं. शेवटी ते वैतागून त्या शूटिंगवाल्यांवर घसरले. "एवढी मोठी जीप घेऊन फिरतात. डब्यातले चार घास काढून देता येत नाहीत यांना?"

आता हे सगळं टीव्हीपुरतं असतं तर चाललं असतं. पण नाशकात शिकारी प्राणी बघायला टीव्ही लावावा लागत नाही. जानेवारी 2019 मध्ये दाजींच्या घरापासून चालत जाता येईल अशा सावरकरनगरमध्ये दिवसाढवळ्या बिबट्या शिरला आणि बातमी घ्यायला आलेल्यांनाच त्याने ओरबाडलं. नोव्हेंबर 2023 मध्ये सिडको आणि गोविंदनगर, एकाच दिवशी दोन बिबटे. दारणाकाठच्या गावांत तर 2020 साली माणसं गेली. तेव्हा दाजींनी बरेच दिवस पेपर उघडला नाही.

दाजींचं म्हणणं एकच. "त्याला जंगलात नेऊन सोडा."

"बाबा, कुठल्या जंगलात?" भाचा विचारतो. तो या विषयात बराच वाचत असतो. "त्याची आजी निफाडच्या उसात जन्मली. जंगल त्याने पाहिलेलं नाही."

आणि ते खरंच आहे. ऊस वर्षभर उभा असतो. आत सावली, जवळ पाणी, माणसाची ये-जा नाही. मादी तिथेच पिल्लं घालते. तोडणी लागली की पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं ती त्याच शेतात क्रेटमध्ये ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. दाजींना ही क्रेटची गोष्ट भाच्याने सांगितली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पुढे ती आई त्या पिल्लांना काय खाऊ घालते, हे मात्र त्यांनी ऐकून घेतलं नाही.

भाच्याने तरी ते सांगितलंच. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं, तेव्हा वजनाच्या हिशेबाने 87 टक्के खाणं पाळीव जनावरांचं निघालं. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के.

"कुत्री? बिचारी!" दाजींनी हातातलं ग्लुकोज बिस्किट खाली ठेवलं. कारण रोज संध्याकाळी गंगापूर रोडच्या कोपऱ्यावर दहा-बारा भटक्या कुत्र्यांना बिस्किटं घालणं हा त्यांचा नेम आहे.

"म्हणजे बाबा, तुम्ही बिबट्याची खानावळ चालवताय."

त्या रात्री दाजींनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सविस्तर सूचना टाकली. गावाबाहेर एक जागा ठरवावी आणि तिथे बिबट्यासाठी रोज चार किलो चिकन ठेवावं, स्वच्छ धुतलेलं; म्हणजे तो कोणालाच मारणार नाही. खाली कोणीतरी विचारलं, "आणि ती कोंबडी?"

दाजींनी लिहिलं, "दुकानातून आणायची."

याच्यापुढे वाद घालता येत नाही. दाजींच्या मनात जगाचा नकाशा असा आहे की जंगलात मरण असतं, टीव्हीत मरण असतं, पण दुकानात फक्त मटण असतं. वनखात्याने मळ्याजवळ पिंजरा लावला आणि त्यात शेळी बांधली, तेव्हाही ते असेच अस्वस्थ झाले. "शेळीचा काय दोष?" शेळीचा कप्पा वेगळा असतो, मध्ये जाळी असते, हे सांगूनही त्यांचं समाधान होईना. भाच्याच्या हाती लसूणघासाची पेंढी पाठवली तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

मागे एका हिवाळ्यात आम्ही सगळे नांदूर मध्यमेश्वरला गेलो होतो. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. दाजींनी नवी दुर्बीण घेतली होती. रोहित पाहिले, चक्रवाक पाहिले, सगळ्यांना 'अहाहा' झालं. तेवढ्यात लव्हाळ्यांवरून एक मार्श हॅरियर अगदी खालून आला. पाण्यात काळ्या पक्ष्यांचा मोठा थवा होता. तो गोळा झाला, पंखांनी पाणी उडवू लागला. त्यातला एक जरा मागे राहिला.

"धरला! वारकरी धरला!" आमचा गाइड ओरडला.

त्या कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पाणपक्ष्याला वारकरी म्हणतात. पण माझी आई माळकरी, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी जाणारी. तिचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. दाजी तर मनोऱ्यावरून टाळ्या वाजवायला लागले. "अहो हाकला ना त्याला! तुम्ही इथे कशाला आहात?"

"साहेब, तोबी लांबून आलाय. त्यालाबी जेवाय लागतं."

"मग मासे खाऊ दे की!"

"मासं काय झाडाला लागत्यात का, साहेब?"

गाडीत दाजी गप्प होते. निफाडच्या अलीकडे ढाब्यावर 'गावरान कोंबडी' अशी पाटी दिसल्यावर बोलले. ढाब्याच्या बाजूला खुराडं होतं, आत चार-पाच कोंबड्या माना काढून बघत होत्या. दाजींनी खुर्ची फिरवून घेतली आणि मालकाला हळूच सांगितलं, "यातली नको हं. आधीच झालेली असेल ती द्या."

आई शेजारी दही-भाकरी खात होती. तिचं माहेर कळवण तालुक्यात, सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी. पाहुणा आला की कोंबडी धरणं, पाय मुरगाळून पंखांखाली दाबणं, मान कापून ती टोपलीखाली शांत होईपर्यंत थांबणं, उकळत्या पाण्यात बुडवून पिसं काढणं, मग जाळावर धरून बारीक लव जाळणं, हे सगळं तिने परकर-पोलक्यात असल्यापासून केलेलं. कोणत्या कोंबडीने किती अंडी दिली हेही तिला ठाऊक असायचं, आणि तरी पाहुण्यासाठी कोणती धरायची हे तीच ठरवायची. माळ घातल्यावर तिने खाणं सोडलं. म्हणजे आमच्या घरात जिला सगळं बघवतं ती खात नाही, आणि ज्यांना काहीच बघवत नाही ते रस्सा वाटीला तोंड लावून पितात.

दाजींचा आणि तिचा सगळ्यात मोठा वाद सप्तशृंगगडावरून झाला. दसऱ्याला गडावर बोकडबळीची जुनी प्रथा. 2016 मध्ये त्या वेळच्या मानवंदनेत बंदुकीतून गोळी सुटून माणसं जखमी झाली, आणि पुढच्या वर्षापासून प्रशासनाने बळीवर बंदी घातली. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, त्या दिवशी दाजी पेपर आपटत आले. "एकविसावं शतक आहे! देवाच्या दारात मुक्या जनावराचा जीव?"

आई वाती वळत होती. "दारात म्हणून तर दिसतो, जावईबापू. दिवस ठरलेला, सगळ्यांच्या देखत. तुमच्या रविवारचे कोणी मोजलेत?"

"आई, मी कुठे मारतो?"

"तेच म्हणते मी."

दाजी अंगणात जाऊन जास्वंदीला पाणी घालू लागले.

सोसायटीचा वॉचमन पेठ तालुक्यातला. वसुबारसेला तो न चुकता रजा मागतो, कारण आपण शहरात गाय-वासराची पूजा करतो त्याच दिवशी त्याच्या गावात वाघबारस असते. शिवेवरच्या वाघदेवाला नारळ, शेंदूर, गुराखी पोरांची खीर. एका वर्षी दाजींनी त्याच सकाळी गाय-वासराचं चित्र सगळ्या ग्रुपांवर पाठवलं होतं. वाघबारसेचं ऐकून ते थक्क झाले. "वाघाची पूजा? अरे, तो तर गाई मारतो!"

"म्हणून तर करतो, साहेब," वॉचमन म्हणाला.

गेल्या दिवाळीत तो गावाहून परतला तो दाजींसाठी भेट घेऊन. पाय बांधलेला, तांबडा-काळा, तुरेबाज कोंबडा. "गावचा आहे साहेब. दोन किलो भरेल." दाजींनी दोन्ही हातांनी तो घेतला, कारण कोणी प्रेमाने दिलेलं नाकारायचं नाही हा त्यांचा नियम. कोंबड्याने मान तिरकी करून त्यांच्याकडे एका डोळ्याने पाहिलं, आणि संपलं.

चाचांकडे न्यायचा तर स्वतः न्यावा लागणार होता, तोही डिकीत नाही. वॉचमन म्हणाला, "मी करून देतो की." तेव्हा दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन दिवस गेटवरून आत आला नाही. पायाची दोरी सुटली. पहिल्या दिवशी तांदूळ, मग ज्वारी, मग भिजवलेली मटकी. नाव पडलं 'शेठ'. शेठ पहाटे चारला आरवतात. शेजारच्या बंगल्यातून तक्रार आली. त्यामागून समितीचं पत्र आलं: कोंबड्याच्या वासाने बिबट्या येण्याची शक्यता असल्याने सदर प्राण्याची विल्हेवाट लावावी. 'विल्हेवाट' या शब्दावर दाजींचं रक्तदाब मोजण्याचं यंत्र काढावं लागलं. त्यांनी सातपूरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला, वर दिवा लावला, आणि आता रात्री दोनदा उठून स्वेटर-कानटोपी घालून, हातात टॉर्च आणि काठी घेऊन ते चक्कर मारतात. बिबट्या आलाच तर काय करणार, असं मी विचारलं. म्हणाले, "समजावून सांगेन."

रविवारचा नेम चालूच आहे. फक्त पिशवी आता मागच्या दाराने येते, आणि शेठ अंगणात असतील तर घरात कोणी 'चिकन' हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नाही.

परवा वॉचमनने बऱ्याच धीराने विचारलं, "साहेब, कोंबडा तुम्हाला एवढा आवडला. येत्या दिवाळीला बोकडाचं पिल्लू आणू का?"

दाजींनी दोन्ही हात जोडले. "नको रे बाबा! बोकड घरात आला, तर मग आम्ही खायचं काय?"