डावी कूस

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर सासूबाईंनी नातेवाइकांत फोन फिरवले, "सुनेची कूस उजवली हो!" आणि सातवा सरताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता डाव्या कुशीवरच झोपायचं." कारणही सांगितलं. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मणक्याच्या उजव्या अंगाने जाणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. पटलं. पण जन्मभर उताणं झोपणाऱ्या बाईने हे झोपेत कसं लक्षात ठेवायचं?

मग उशा आल्या. एक पोटाखाली, एक गुडघ्यांत, एक पाठीमागे राखणीला. उरलेल्या टीचभर पलंगावर नवरा. अंग अवघडलं, जरा उजवीकडे वळू म्हटलं, तर आधी उशा, मग पोट, मग मी, असा क्रम. नवरा झोपेतच, एसटी मागे घेणाऱ्या कंडक्टरसारखा पुटपुटतो, "येऊ द्या, येऊ द्या…"

जरा डोळा लागतो तोच बाथरूमची हाक. बाळाने मूत्राशयाची उशी केलेली असते. (त्याला एकच पुरते.) परत येऊन टेकते, तर पोटरीत गोळा! अशा वेळी पायाचा पंजा स्वतःकडे ओढावा म्हणतात. माझा पंजा मला दिसूनच महिना झालाय. नवऱ्याला ओढायला सांगितलं, त्याने भलताच पाय ओढला.

पहाटे तीनला छातीत जळजळ. ऑफिसातल्या मैत्रिणीचं मत, बाळाला जावळ भरपूर असणार. हसू नका. २००६ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ही समजूत खोडायला ६४ गरोदर बायका तपासल्या, आणि ती बऱ्यापैकी खरी निघाली! माझ्या जळजळीच्या हिशेबाने बाळ अंबाडा घालूनच येणार.

मुलगा की मुलगी हे सांगायला कायद्याने बंदी. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तशी पाटीच असते. डोहाळजेवणात मात्र वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून सगळ्याजणी माझ्या हाताकडे टक लावून बसल्या होत्या. मी दोन्ही वाट्या उचलल्या आणि दोन्ही खाल्लं. मावशी म्हणाल्या, "अगंबाई, जुळं!"

दिवसभर मी चालते तेव्हा बाळ गाढ झोपतं; मी आडवी झाले की त्याची तालीम सुरू. लाथा मोजायला सांगितल्यात, दोन तासांत दहा. आमच्याकडे वीस मिनिटांत कोटा पूर्ण होतो, पुढच्या फुकट.

आता छत्तिसावा आठवडा. माझी डावी कूस अजून पक्की झालेली नाही. काल रात्री बाथरूममधून परतले, तर नवरा माझ्या जागी डाव्या कुशीवर, गुडघ्यांत माझी उशी धरून घोरत होता.