चौथ्या मजल्यावरचा तांडेल

अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंतच्या पट्ट्यात ‘निवृत्त तांडेल’ नावाचा एक प्राणी आढळतो. मुलगा चर्चगेटला नोकरीला लागतो, होडी विकली जाते आणि म्हातारा विरारच्या चौथ्या मजल्यावर येऊन पडतो. होडी विकली, तरी तो मात्र होडीवरून उतरलेला नसतो.

आमच्या इमारतीतले तांडेलमामा त्यातलेच. वय ऐंशीच्या पुढे. इंजिनं यायच्या आधी शिडाच्या होडीवर भात शिजवणारं पोर म्हणून दर्यावर गेलेले. पहाटे चारला ते गॅलरीत येतात, बोट ओलं करून वर धरतात, “मतलई आहे” म्हणतात आणि आत जाऊन झोपतात. दोन तासांनी पुन्हा हजर. सून एकदा वैतागून म्हणाली, “बाबा, इमारत कुठं जात नाही.” मामा शांतपणे म्हणाले, “जाईल तेव्हा कळायला नको?”

घरातली प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली. गॅसचा सिलिंडर, पाण्याचं पिंप, टीव्हीसुद्धा. दर्यात जे बांधलेलं नाही ते आपलं नाही, हा सिद्धांत. एकदा पाहुण्याची बॅगही त्यांनी खुर्चीला बांधून ठेवली. पाहुणा दहा मिनिटं गाठीशी झुंजला आणि त्याची लोकल चुकली. मग मामांनी दोरीचं एक टोक ओढलं, गाठ सुर्रकन सुटली. “वादळात टिकली पाहिजे आणि एका झटक्यात सुटली पाहिजे. तिला गाठ म्हणतात. तुम्ही बांधता तो गुंता.”

आंघोळीला तीन मग पाणी. चौथा मागणाऱ्या नातवाला ते सांगतात, “चहूकडे दर्या असला तरी प्यायचं पाणी पिंपात असतं तेवढंच.” मे महिन्यात टँकर आला नाही, तेव्हा अख्खी इमारत बादल्या घेऊन जिन्यात उभी होती, मामांचं पिंप अर्धं भरलेलं होतं. त्या दिवशी सुनेने पहिल्यांदाच त्यांना दुसरा चहा आपणहून दिला.

घड्याळ त्यांना लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. डोल जाळ्यात मासा येतो तो पाण्याच्या ओढीने, म्हणून हे गणित त्यांच्या हाडात मुरलेलं. लग्नपत्रिका आली की मुहूर्ताआधी तिथी बघतात. “अष्टमी! सहाला भरती. अशा वेळी लग्नाला कोण जातं?”

लोकलबद्दल मात्र त्यांना आदर आहे. नालासोपाऱ्याचा माणूस आधी उलटा विरारला जातो, जागा पकडतो आणि मग मुंबईला निघतो, हे मुलाने सांगितलं तेव्हा मामा खूश झाले. “बरोबर! वारा समोरून असला की शिडाची होडी सरळ जातच नाही. तिरकं, पुन्हा तिरकं, असं करत पुढं जायचं. सोपाऱ्याची माणसं दर्यावर्दी दिसतात.”

एकदा मी त्यांना दिलीप दोंदे यांचा छापलेला फोटो दिला आणि हकीकत सांगितली. नौदलातले कमांडर, गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका, १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरं घेत १९ मे २०१० ला परत. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. “नऊ महिने?”

“हो.”

“मच्छी किती आणली?”

“मच्छीसाठी नव्हते गेले, मामा.”

मामा बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, दोंदे नापास झाले. मग त्यांनी विचारलं, “रात्री सुकाणू कोण धरायचं?”

“यंत्र होतं. पण एकटा माणूस, झोप तुकड्यातुकड्यांनीच काढायची.”

“दोन-दोन तास?” म्हणत त्यांनी विजयी मुद्रेने सुनेकडे पाहिलं. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दोंद्यांचा फोटो खिडकीच्या गजाला बांधलेला होता. गाठ तीच, सिलिंडरची.