साडेसहावाले काका

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठलाही जिना चढून जा. वर एखादी प्रकाशन संस्था असते, नाहीतर डीटीपीचं दुकान असतं. पुस्तकांचे गठ्ठे ओलांडत आतल्या खोलीत गेलं, की कोपऱ्यातल्या संगणकासमोर एक काका बसलेले दिसतात. शर्टाच्या खिशात लाल पेन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आपण प्रुफं घेऊन उभे राहिलो तरी ते मान वर करत नाहीत. ‘ठेवा,’ एवढंच म्हणतात. त्यांच्या भाषेत हे स्वागत असतं.

यांना ‘साडेसहावाले’ म्हणतात ते घड्याळामुळे नव्हे. साडेसहाला घरी गेलेले काका कोणी पाहिलेले नाहीत, दिवाळी अंकाच्या दिवसांत तर मुळीच नाही. साडेसहा म्हणजे पेजमेकर 6.5, पुस्तकाची पानं लावायचं सॉफ्टवेअर. जगात त्यानंतर जे काही आलं, ते काकांच्या लेखी ‘नवीन’ आहे, आणि नवीन म्हणजे अजून सिद्ध न झालेलं. 2001 साली पेजमेकर 7 निघालं तेव्हा कोणीतरी उत्साहानं सीडी आणून दिली होती. (त्या काळी सीडी कुठून आली हे विचारायची पद्धत नव्हती.) काकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. ‘साडेसहा बरं चाललंय. सातच्या नादी लागलं की साडेसाती.’

पेजमेकर ज्यांनी केलं त्यांनीच ते सोडून दिलंय, ही गोष्ट काकांना सांगण्यात अर्थ नसतो. 1985 साली आल्डस नावाच्या अमेरिकन कंपनीनं ते बाजारात आणलं. नाव घेतलं व्हेनिसच्या एका जुन्या मुद्रकाचं. 1994 मध्ये अ‍ॅडोबीनं आल्डसच घेऊन टाकली, 1999 मध्ये त्याच कामासाठी इनडिझाइन काढलं आणि पेजमेकरला सातच्या पुढे आठ काही बघू दिलं नाही. इमारत अशी मालकानं वाऱ्यावर सोडली, तरी काका पागडीच्या भाडेकरूसारखे आत घट्ट. गळतंय, पण जागा आपली आहे.

काकांचा संगणक एक्सपीवर चालतो. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल 2014 मध्ये एक्सपीकडे पाठ फिरवली, याची वार्ता त्या संगणकापर्यंत पोचलेलीच नाही, कारण त्याला नेट जोडायला काकांनी पहिल्यापासून बंदी घातली आहे. मागच्या बाजूला, प्रिंटरच्या जुन्या रुंद खोबणीत, मराठी फाँटचं ‘लॉक’ बसवलेलं आहे. काडेपेटीएवढी ही डबी काढली तर मराठी बंद. नव्या संगणकांना तशी खोबणच नसते. म्हणून संगणक बदलायचा नाही, म्हणून विंडोज बदलायचं नाही, म्हणून साडेसहा. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार पडतात, पण हळदकुंकू लागतं ते या डबीला. काका खाली वाकून, स्वतः लावतात.

अपग्रेडची बैठक दरवर्षी होते. ती कधी घ्यायची हे ठरवण्यातच पहिले सहा महिने जातात. ‘दिवाळी अंक होऊ द्या’ असं काका श्रावणात सांगतात. अंक होतात, मग लग्नपत्रिका. पत्रिका आटोपतात तोवर शाळांची गाइडं. गाइडं छापून होईपर्यंत पुन्हा श्रावण. रिकामा म्हणावा असा महिना काकांच्या पंचांगात नाही.

तरी एकदाची बैठक बसते. मालक, मालकांचा डिझाइन शिकून आलेला मुलगा, हिशेब बघणाऱ्या बाई आणि काका. मुलगा लॅपटॉपवर इनडिझाइन दाखवतो, ई-बुक कसं निघतं ते सांगतो, युनिकोड मजकूर गुगलला सापडतो वगैरे. मालक सगळं ऐकून घेतात आणि किंमत विचारतात. इथे मुलाची पंचाईत होते. 2013 पासून अ‍ॅडोबीनं एकरकमी विक्रीऐवजी वर्गणी सुरू केली, हे त्याला मालकांच्या भाषेत सांगता येत नाही. मालकांना मात्र झटकन कळतं. ‘म्हणजे पुस्तक खपो न खपो, आपला हप्ता चालू?’ हिशेबाच्या बाई वहीत काहीतरी लिहितात. काका छताकडे बघतात. त्यांना बोलायची गरजच पडत नाही.

कधी पडलीच, तर त्यांचा मुद्दा तयार असतो, आणि तो वाटतो तितका हास्यास्पद नसतो. काकांनी आयुष्यभर जी पुस्तकं लावली, त्यांच्या फाइलींत मराठी नाहीच. पडद्यावर दिसतं ते मराठी; आत भरलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक, ज्यांच्यावर फाँटवाल्यानं काना, मात्रा, अर्धा म, पाऊण त असे तुकडे चिकटवलेत. श्रीलिपीचे तुकडे एका क्रमानं, आयएसएमचे दुसऱ्या. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की अख्खी कादंबरी डॉलर आणि टक्क्यांत बोलू लागते. मुलानं एकदा हौसेनं एक पुस्तक युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं. मराठी बहुतेक सगळं नीट आलं. पण मधले इंग्रजी शब्दही यंत्रानं मराठी समजून उलथवले. मागच्या पानावरच्या लेखकाच्या ई-मेल पत्त्याचं एक असं जोडाक्षर झालं की ते उच्चारायला पाणिनीलाही पाणी मागावं लागलं असतं. काकांनी त्या पानाचं प्रिंट काढून भिंतीवर लावलं. अजून आहे.

शिवाय 2012 पर्यंत काका सरळसरळ बरोबर होते, हे त्यांच्या विरोधकांनी मान्य करायला हवं. त्याआधीच्या इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरांचे पाय मोडायचे आणि वेलांट्या भलत्याच घरी जायच्या. त्याची सीएस 6 आवृत्ती आल्यावर ते मार्गी लागलं. अडचण एवढीच, की काकांनी इनडिझाइन पाहिलं होतं ते त्याच्या आधी, आणि त्यांच्याकडे एकदा लागलेला निकाल फिरत नाही.

निकाल न फिरण्याची दुसरीही कारणं आहेत. मुलानं त्यांना युनिकोडवर टाइप करायला बसवलं, तेव्हा ‘कि’ लिहायला आधी क आणि मग वेलांटी द्यायची, हे ऐकून काका उठूनच उभे राहिले. टाइपरायटरपासून त्यांची बोटं आधी वेलांटी देत आली आहेत. ‘अरे बाळा, पहिली वेलांटी पहिली द्यायची, म्हणून तर ती पहिली!’ यावर युनिकोडवाल्यांकडेही उत्तर असेल असं वाटत नाही. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मुलानं विंडोजबरोबर आलेला मंगल फाँट घेतला होता. ‘हा ल बघ. हा श बघ. हे हिंदीतले. आपला ल पाकळ्यांचा, आपला श देठाचा. 2009 ला सरकारनंसुद्धा लेखी दिलंय.’ सरकारचा एकही शासन निर्णय वेळेवर न वाचणाऱ्या मालकांनी इथे मान डोलावली.

काकांना साडेसहाचे दोषही पाठ आहेत, पण ते दोष गुणासारखे सांगतात. त्यात ‘अन्डू’ एकदाच होतं. एक पाऊल मागे, बस्स. ‘तुमच्यात शंभर वेळा मागं जाता येतं, म्हणून तुम्ही विचार न करता पुढं जाता,’ हे मुलाला ऐकवतात. पीडीएफ काढायची तर आधी पोस्टस्क्रिप्ट फाइल करायची, मग ती डिस्टिलरमधून काढायची. तेवढ्यात चहा होतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये चहाची सोय काय, असा त्यांचा सवाल आहे.

आणि एक गोष्ट, जी बैठकीत कोणी बोलत नाही. फाइलींची नावं काका अजून डॉसच्या काळच्या शिस्तीनं आठ अक्षरांत ठेवतात, स्वर गाळून. ‘जेएसएच1’ ते ‘जेएसएच14’ असे चौदा जोशी त्या संगणकात आहेत. त्यांतला कवी कोणता, कुंडलीवाला कोणता आणि आयकरावर लिहिणारा कोणता, हे पृथ्वीतलावर एकट्या काकांना ठाऊक. सॉफ्टवेअर बदललं तर चौदाही जोशी उघडे पडतील आणि मग काकांना रजा मागितल्याबरोबर मिळू लागेल. हा धोका ते ओळखून आहेत. नव्वदच्या सुमाराला त्यांनीच याच खोलीत खिळे जुळवणाऱ्या एका म्हाताऱ्या कंपोझिटरला ‘काळाबरोबर चला’ म्हणून सांगितलं होतं. ते गृहस्थ शिशाची केस सोडून बायंडिंगला जाऊन बसले. काका त्यांचा विषय कधी काढत नाहीत. पण खिळ्यांची एक रिकामी केस त्यांच्या टेबलाखाली आहे आणि तिच्यात पेनड्राइव्ह ठेवलेले असतात.

शेवटी मुलानं स्वतःच्या हिमतीवर इनडिझाइनची वर्गणी भरली, नवा संगणक आणला आणि काकांच्या उजव्या हाताला ठेवला. काका आठवडाभर त्यावर कापड घालून होते. मग एके दिवशी कापड निघालं, आणि महिन्याभरात चार पुस्तकं ‘इनडिझाइनमध्ये’ तयार होऊन छापायला गेली. मालक खूश. मुलगा त्याहून खूश, ‘काका, जमलं की तुम्हाला!’ म्हणत त्यानं फाइल उघडून पाहिली. प्रत्येक पानावर एक चौकट. चौकटीत साडेसहात लावलेल्या, डिस्टिलरमधून काढलेल्या पीडीएफचं अख्खं पान चिकटवलेलं. इनडिझाइनमध्ये काकांनी टाइप केला होता फक्त पानाचा आकडा.

‘हे काय, काका?’

‘वापरतोय की. चांगलं आहे तुझं सॉफ्टवेअर. पानं सरळ बसतात.’

यंदाच्या बैठकीत मुलानं सुचवलं, की इनडिझाइनची पुढची आवृत्ती आली आहे, वर्गणीतच मिळते, वर दमडी द्यायची नाही, फक्त एक बटण दाबायचं. या वेळी काका छताकडे बघत बसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘अजिबात हात लावायचा नाही. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. बाहेरून काम करणाऱ्या मुली जुन्यावर आहेत. आणि आपलं हे इनडिझाइन इतकी वर्षं व्यवस्थित चाललंय, त्याला काय धाड भरलीय? दिवाळी अंक होऊ द्या, मग बघू.’