लोकांचे डोळे उघडले तर उघडू द्या!

प्रति,
मोहिनी घालून राज्य करणारे समस्त सत्ताधीश,
मुक्काम : पृथ्वी

स. न. वि. वि.

रे नेल्सन यांच्या ‘एट ओक्लॉक इन द मॉर्निंग’ या 1963 सालच्या कथेने आपली बदनामी केली, अशी आपली तक्रार असेल. संमोहनाच्या प्रयोगातून जॉर्ज नाडा जरा जास्तच जागा होतो आणि माणसांत मिसळलेले आपण त्याला हिरव्या कातडीसकट दिसू लागता. 1988 मध्ये जॉन कार्पेंटर यांनी ‘दे लिव्ह’ चित्रपटात हेच काम काळ्या चष्म्यावर सोपवले. तेव्हापासून खरे रूप दिसले की सत्ता कोसळते, असा लोकांचा समज आहे. तो कृपया खोडू नका. आपल्याच पथ्यावर पडणारा आहे. आपल्यातला एक जण फोनवरून जॉर्जला बजावतो, की सकाळी आठला तुझे हृदय बंद पडेल. जॉर्जला आपले सोंग पुरते कळलेले असते, तरी बरोबर आठच्या ठोक्याला तो मरतो. शहराला जागे करण्यासाठीही त्याला टीव्ही केंद्रात घुसून आपल्यासारखाच आवाज काढावा लागतो. म्हणजे बंडसुद्धा हुकमावरून! डोळे सुटले, कान आपल्याच ताब्यात राहिले.

शेवटी माणसेच जिंकतात, असे कोणी म्हणेल. जिंकतात खरी, पण हुकूम ऐकण्याची सवय जिंकल्यावर गेली का, यावर कथा गप्प आहे. ही तर नुसती कल्पना, असे म्हणाल तर कथा आली त्याच वर्षी, 1963 मध्ये, येल विद्यापीठातल्या स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. भिंतीपलीकडच्या माणसाला आपण विजेचे झटके देतो आहोत, अशी त्यात लोकांची समजूत करून दिली होती. त्याने भिंत बडवली, मग तो गप्पच झाला. तरी 40 पैकी 26 जणांनी 450 व्होल्टचा शेवटचा खटका दाबला. त्यांना घाम फुटला होता, हात थरथरत होते. काय चालले आहे ते कळत होते, थांबता येत नव्हते.

आधी दिसल्याशिवाय नकार सुचणार कसा, हा आक्षेप रास्त आहे. पण दिसणे म्हणजे नकार नव्हे. मिल्ग्रॅम यांनीच पुढे एका प्रयोगात शेजारी दोन साथीदार बसवले आणि त्यांना मध्येच नकार द्यायला लावले. तेव्हा 40 पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. तेव्हा सत्य दिसलेल्या एकट्यादुकट्याला खुशाल मोकळा सोडा. तो फार तर असली पत्रे लिहील. पाळत ठेवायचीच, तर ‘नाही’ म्हणून उठणाऱ्यावर ठेवा आणि त्याच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहील, असे बघा.

आपला आज्ञाधारक (तूर्तास),
एक वाचक