मांडीवरचं बिऱ्हाड

वहिनी, आधी या शेंगा घ्या. तुमचा शेवगा आमच्या बाजूला वाकला म्हणून शेंगा आमच्या होत नाहीत. आणि सकाळपासून तो कानशीचा खरखराट ऐकताय ना, तो आमच्या ह्यांचाच. भाऊजींची दुपारची झोप मोडली असणार. पण काय करू? जन्म गेला कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये, लाकडाचे साचे करण्यात. रिटायर झाल्यापासून हाताला लाकूड नसलं की माणूस घरभर खुसपटं काढत फिरतो. डबे असेच का ठेवलेस, दार का करकरतं. त्यापेक्षा कानस परवडली.

सानूच्या गिटारसाठी टेकू करताहेत. हो, टेकूच. हसा हसा, मीही हसले होते. गिटारला कसला आलाय टेकू, पट्टा अडकवायचा गळ्यात आणि वाजवायची, सिनेमात बघतो की आपण. पण सानूची ती तशातली नव्हे. तिची क्लासिकल, नायलॉनच्या तारांची. ती बसूनच वाजवतात. आणि बसायचं कसं, तर डाव्या पायाखाली एक बुटकं स्टूल, वीतभर उंचीचं. म्हणजे डावी मांडी वर येते, गिटारची कंबर त्या मांडीवर टेकते, आणि खुंट्यांचं टोक वर, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला. बघणाऱ्याला ऐटबाज वाटतं. बसणाऱ्याची कंबर काय म्हणते ते तिचं तिला ठाऊक.

तर आमची पोर दिवाळीला पुण्याहून आली ती कंबरेवर हात ठेवूनच. मला आपलं वाटलं, हॉस्टेलची गादी. डॉक्टरांकडे नेली, एक्स-रे काढला, त्यात काही नाही. डॉक्टर मात्र भले माणूस हो. म्हणाले, दिवसातून जास्तीत जास्त वेळ काय करतेस? गिटार वाजवते. मग वाजवताना बसतेस कशी ते दाखव. ही पाय त्यांच्या कचऱ्याच्या डब्यावर ठेवून, एक्स-रेचं पाकीट गिटारसारखं धरून बसली! बाहेर नंबर लावून बसलेली माणसं दारातून बघताहेत. डॉक्टरांनी मागून पाठीवर हात ठेवून मला दाखवलं. एक मांडी वर गेली की कमरेचं हाड त्या बाजूने वर उचललं जातं आणि मागे कलंडतं. कण्याला खाली जो आतला बाक असतो, तो सपाट होतो. वर मान डावीकडे, कारण बोटं बघायची. रोज चार-चार तास असं पिळून बसल्यावर दुखणार नाही तर काय होणार?

त्यांचा सल्ला एका ओळीचा. पाय जमिनीवर ठेव आणि गिटार वर घे. ऐकायला सोपं. पण पाय खाली आला की मांडी आणि गिटार यांच्यामध्ये जी फट पडते, तिच्यात घालायचं काय? सगळं रामायण त्या फटीचं आहे बघा.

आणि हे रामायण आजचं नाही. सानूने सांगितलं तेव्हा मी भाजी निवडायची थांबले. तिकडे पॅरिसला, 1830च्या आसपास, दोन स्पॅनिश गिटारवाले एकाच ठिकाणी राहायचे, ओतेल फाव्हार नावाच्या जागेत. शेजारीच म्हणा ना आपल्यासारखे. एक फर्नांडो सोर, एक दिओनिसिओ आग्वादो. सोर थोडा मोठा, स्पेनमध्ये फ्रेंचांची बाजू घेतली म्हणून देश सुटलेला. दोघांची मैत्री घट्ट आणि मतं उलटी. आग्वादो नखांनी तारा छेडायचा, सोरला नखांचा आवाज मुळीच खपायचा नाही. त्याने आपल्या पुस्तकात छापून टाकलं, की नखांनी वाजवणारा ऐकवेल असा माणूस मला भेटलेला नाही, फक्त मित्राचा अपवाद केला. वर हेही लिहिलं, की आग्वादो स्वतः म्हणतो, पुन्हा पहिल्यापासून शिकायचं झालं तर मी नखं वापरणार नाही. आता खरंच तसं म्हणाला असेल, की शेजाऱ्याचं मन राखायला बोलला असेल, देव जाणे. आपणही तुमच्या आमटीला चांगलंच म्हणतो की. नाही नाही, तुमच्या नाही हो, एकंदरीत म्हणते.

तर या दोघांनाही हाच प्रश्न. गिटार धरायची कशी? तेव्हाच्या गिटारी आजच्यापेक्षा लहान, अंग निमुळतं, मांडीवरून सटकायच्या. सोर काय करायचा माहितेय? समोर टेबल घ्यायचा आणि टेबलाच्या कोपऱ्यावर गिटार टेकवायचा. डाव्या हाताने मान पेलायची नाही, तो हात फक्त सुरांसाठी मोकळा, हा त्याचा हट्ट. हे मला फार पटलं. जो हात काम करणार त्याच्यावर ओझं कशाला? बादली धरलेल्या हाताने कुलूप उघडून बघा.

आग्वादो त्याच्या पुढे गेला. त्याने गिटारला तीन पायच लावले! तिवई केली एक, तिला नाव दिलं त्रिपोदिसोन. तिच्यावर गिटार बसवायची आणि आपण शेजारी खुर्चीवर. मांडीवर भार नाही, छातीला टेका नाही. त्याचं म्हणणं असं, की गिटार पोटाशी धरली की मागची फळी दबते, आवाज माणसाच्या अंगात जिरतो. तिवईवर ठेवली तर सगळी पेटी मोकळी घुमते. पाठीचं भलं ते वेगळंच. आणि नखांवरून वाद घालणारा सोर इथे मात्र विरघळला. त्याने आपल्या एका मोठ्या शोकगीताच्या, म्हणजे नुसत्या वाजवायच्या हो, त्या रचनेच्या सुरुवातीला लिहून ठेवलं, की मित्राचं हे यंत्र नसतं तर गिटारवर असं काही मांडायला मी धजलो नसतो. आता बघा, नुसती तिवई, पण तिच्यामुळे बोटांना जमेल अशी एक रचना जास्त झाली. त्याआधी सोरने एक जोडवादन लिहिलं होतं, नाव 'दोन मित्र', आणि छापताना एका वाजवणाऱ्याच्या वाट्यावर नाव सोर, दुसऱ्याच्या वाट्यावर आग्वादो. आवडतं मला हे.

मग ती तिवई गेली कुठे? आग्वादो माद्रिदला परतला, 1843 साली पुस्तक काढलं, त्यातही तिचीच तरफदारी. पण खेळ संपला तो संपलाच. माझं मत विचाराल तर लोकांना लाज वाटली असणार. कलावंताने वाद्य कवटाळायला हवं, असं बघणाऱ्याला वाटतं. शिवाय गावोगाव तिवई कोण वागवणार? पुढे तोर्रेस म्हणून एक कारागीर स्पेनमध्ये झाला, त्याने गिटार मोठी केली, आणि तार्रेगा या बड्या वादकाने डाव्या पायाखालचं स्टूल असं रूढ केलं, की मास्तर लोक तीच रीत पुढे शिकवत गेले. म्हणजे वाद्य सोयीचं करायचं सोडून माणसानेच पाय उचलला. आपल्याकडे सुनेला सांगतात ना, जरा जमवून घे.

हं, तेच म्हणते, आपल्याकडेही आहेच की. सतारीचं घ्या. भोपळा डाव्या तळपायावर टेकवायचा, उजवा पाय त्यावरून आडवा, आणि उजव्या हाताचा पंजाच्या वरचा भाग भोपळ्यावर दाबून वाद्य सावरायचं. तीही कसरतच. ह्यांना ते सुचलं आणि गाडी काढून गेले मिरजेला, तंतुवाद्यांच्या गल्लीत. हो, तेच, त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली जीआय मानांकन मिळालं ते. म्हणाले, वाद्य अंगाला कुठे टेकतं हे त्यांच्याहून कुणाला कळणार? तिथून आले ते एका वेगळ्याच गोष्टीची धास्ती घेऊन, पॉलिशची.

कारण बाजारात टेकू मिळतात, नाही असं नाही. सानूच्या सरांकडे एक आहे, रबरी चकत्यांचा. आरशाला चिकटवतो ना आपण स्नानघरात, तशा चकत्या गिटारच्या बाजूला दाबून बसवायच्या, खाली धातूचे पाय, ते मांडीवर. उंची कमी-जास्त करता येते. वजनाला हलका, घडी करून पेटीत जातो. पण त्या चकत्या हवेच्या दाबावर तग धरतात. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असेल तर ठीक. चांगल्या गिटारला असतं लाखेचं पॉलिश, हाताने घासून घासून चढवलेलं, कागदाहून पातळ. त्यातून हवा हळूहळू आत शिरते. मग ऐन कार्यक्रमात, हळव्या जागी, फट्! टेकू निसटला, गिटार मांडीवर आदळली. सानूच्या वर्गातल्या मुलाचं झालंय असं. त्यावर लोक पॉलिशवर पारदर्शक पातळ फिल्म लावतात आणि तिच्यावर चकती. पण सांगलीचा मे महिना तुम्ही जाणता. लाख मऊ पडते. मिरजेच्या कारागिराने ह्यांना बजावलं, उन्हाळ्यात लाखेवर रबर रात्रभर ठेवू नका, ठसा उमटेल.

उशीचाही प्रकार असतो, मांडीवर ठेवायची. मी आपली एक पांघरुणाची घडी देऊन बघितली. ऊब येते, दुसरं काही नाही. गिटार डुलते. काही लोक तर गिटारच्या आत, बाजूच्या फळीला लोहचुंबक चिकटवतात आणि बाहेरून टेकू अलगद धरतो. ह्यांचे डोळे चमकले ते ऐकून! सानूने पेटीला कुलूप लावलं. आणि पॉल गॅलब्रेथ म्हणून एक स्कॉटिश वादक आहे, तो तर आठ तारांची गिटार चेलोसारखी उभी धरतो, खाली दांडी, दांडी एका लाकडी पेटीवर. ते बघून ह्यांनी मला विचारलं, आपली धान्याची पेटी रिकामी आहे का.

पण मी सांगू? बाकी काही असो, ह्यांनी सुरुवात बरोबर केली. सानूला म्हणाले, गिटार ठेव बाजूला. नुसती बस. दोन्ही पाय जमिनीवर, पाठ सरळ, आता हवेत वाजव. ती बसली. हात आपोआप जिथे आले तिथे थांब म्हणाले. मग ह्यांनी गिटार उचलून तिच्या हातांखाली आणली, जसा बाळाला पाळण्यात सरकवतो तशी. सानू म्हणाली, बाबा, इथेच! अशीच धरा! हे गुडघे टेकून, हात अवघडलेले, आणि मी पट्टी घेऊन फट मोजतेय. मांडीच्या आतल्या बाजूला चार बोटं, बाहेर गुडघ्याकडे सहा. म्हणजे नुसती उंची देऊन भागत नाही, उतारही लागतो. आणि गिटारचं तोंड किंचित वर वळलेलं हवं, नाहीतर पोर तारा बघायला पुढे वाकणार. गिटार अंगाला चार जागी टेकते म्हणे, दोन मांड्या, छाती आणि उजव्या हाताचं मनगटाच्या वरचं हाड. त्यातली एक जागा जरी खोटी बसली तरी बाकीच्या तिन्ही जागांचे स्नायू तिची भरपाई करत बसतात.

मग पुठ्ठा आला. गिटारच्या कमरेचा बाक पुठ्ठ्यावर उतरवला, मांडीचा बाक खाली. थर्मोकोल कापला, तो कापडावर इतका किंचाळायचा की सानूने कानात कापूस घातला. शेवटी पॅकिंगच्या खोक्याचं हलकं पाइनचं लाकूड. आत पोखरून पोकळ केलंय, वजन वाटीभर पोह्यांएवढं. वरच्या बाकाला मऊ कातडं, मिरजेहून आणलेलं. आणि खाली मांडीवर घसरू नये म्हणून काय लावलंय ओळखा? स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीत घालतो ना, ती जाळीची रबरी मॅट! माझ्या ट्रॉलीतली. मला कळलं ते स्टीलचे डबे सकाळी घरंगळायला लागले तेव्हा. पण एक आहे, सुती सलवारीवरच काय, कार्यक्रमाच्या रेशमी कुर्त्यावरही टेकू हलत नाही. रबर लाखेला लागत नाही, मांडीलाच लागतं, त्यामुळे तो ठशाचा धोकाही गेला.

सगळं झालं म्हणता? छे. तिच्या सरांना व्हिडिओ पाठवला. त्यांचं म्हणणं, टेकू छान आहे, पण स्टूलवर पाय असला की वाजवताना नकळत पाय हलवून गिटार जरा इकडे-तिकडे करता येते, वर गेलं की वर, खाली आलं की खाली. लाकूड कसं हलणार? यात तथ्य आहे हो. मांडी जिवंत असते. काही जाणते वादक म्हणूनच स्टूल सोडत नाहीत. पण मी म्हणते, कंबर शाबूत असेल त्यांनी सोडू नये. हिची नाही, म्हणून तिला हा टेकू. सरांचा मान राखून हे आता त्या टेकूला मधोमध बिजागरी आणि एक स्क्रू बसवायच्या नादात आहेत, उतार बदलता यावा म्हणून. तो खरखराट त्याचाच.

तुमच्या ओंकारचं काय म्हणालात? खांदा दुखतो? त्याची इलेक्ट्रिक ना, भरीव लाकडाची? अहो, त्यातल्या काही चार-साडेचार किलोच्याही असतात, आणि सगळा भार डाव्या खांद्यावर. पट्टा कसा आहे त्याचा? दोन बोटांचा नायलॉनचा? बदला आधी. चार बोटं रुंद चामड्याचा घ्या, भार पसरतो. त्यांच्यातही ही कटकट जुनीच. अमेरिकेतला तो फेंडर, ज्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, त्याच्याकडे वादक तक्रार घेऊन गेले, की तुझ्या गिटारची काटकोनी कड बरगड्यांत रुतते. त्याने 1954च्या नव्या गिटारला मागे पोटाकडे खोलगट तासलं आणि पुढे हात टेकतो तिथे उतार दिला. अजून तसंच करतात.

संध्याकाळी पाठवा ओंकारला, हे बघतील. फक्त गिटार पिशवीत घालून, चेन लावून पाठवा. उघडी दिसली की हे दारातच काटकोन लावून मापं घ्यायला बसतील, आणि तुमचं पोरगं जेवायला कधी घरी पोचेल ते मी सांगू शकणार नाही.