तुमची जबाबदारी गेटपाशी संपत नाही

प्रति,
शहराबाहेरच्या माळावर संगीत महोत्सव भरवणारे आयोजक,
यांस,

तुमचा महोत्सव रात्री दहाच्या ठोक्याला संपला. शेवटचं गाणं थांबलं आणि त्याच मिनिटाला ध्वनिक्षेपक बंद झाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचं इतकं काटेकोर पालन क्वचितच बघायला मिळतं. त्याबद्दल तुमचं कौतुक करते, आणि अगदी मनापासून करते. कौतुकाचा मजकूर एवढाच.

पाचच मिनिटांत तुमच्या सुरक्षारक्षकांनी दोर धरून आम्हाला गेटकडे सरकवायला सुरुवात केली. "चला, चला, इथे थांबायचं नाही." कुठे चला, हे त्या बिचाऱ्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. गेटबाहेर डाव्या हाताला पार्किंग. तिथे फ्लडलाइट, हातात लाल दिव्याच्या कांड्या घेतलेली पोरं, गाडीच्या काचेवर लावायचे रंगीत पास, आत जायला आणि बाहेर पडायला वेगवेगळे रस्ते. सगळं चोख. उजव्या हाताला अंधार. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांची वाट उजवीकडची.

हमरस्त्यापर्यंतची ती वाट मी नीट बघून घेतली आहे, कारण तुम्ही ती कधी पायी तुडवली असेल असं वाटत नाही. फुटपाथ नाही. कडेला मुरूम आणि खडी. दिव्याचे खांब काही अंतर गेल्यावर संपतात. पुढे मोबाइलच्या टॉर्चवर चालायचं आणि मागून डंपर आला की कडेच्या चारीत उतरायचं. दिवसभर व्हिडिओ काढून बहुतेकांच्या मोबाइलची बॅटरी तळाला गेलेली. एकाच जागी हजारो फोन, त्यामुळे नेटवर्क ठप्प. टॅक्सीचं ॲप उघडलं तर नुसतं गोल फिरत राहतं. चुकून गाडी मिळालीच तर चालकाचा फोन येतो, "कुठे जायचंय? कॅश आहे ना?" आणि पुढच्या क्षणाला राइड रद्द. केंद्र सरकारच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी सबळ कारणाविना राइड रद्द करणाऱ्याला भाड्याच्या दहा टक्के, जास्तीत जास्त शंभर रुपये दंड सांगितला आहे. त्याच सूचनांनी गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुप्पट आकारायलाही मुभा दिली आहे. रात्री साडेअकराला खडीत उभ्या असलेल्या माणसाला यातली दुप्पट भाड्याची मुभा तेवढी अनुभवायला मिळते.

माझ्यासोबत दोन मुली चालत होत्या. ओळख त्याच रस्त्यावर झालेली. दोघी इंजिनिअरिंगच्या, पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या. एक आईला फोनवर सांगत होती, "बस मिळाली गं, बसलेय." आसपास कुठेही बस नव्हती. आई साताऱ्यात, काळजीने तिची झोप उडू नये म्हणून मुलगी खोटं बोलली. शेवटी एका रिक्षावाल्याने सीटवर पैसे ठरवून आम्हा तिघींसोबत आणखी दोघांना कोंबलं. मीटरचं नावही निघालं नाही. त्याच्यावर माझा फारसा राग नाही. ती गर्दी त्याने जमवली नव्हती, तुम्ही जमवली होती.

तुमचा प्रेक्षक कोण आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. तिकीट विकताना तुम्ही वय विचारता, फोन नंबर घेता, गाव विचारता. बहुसंख्य विशी-पंचविशीतले, वसतिगृहात नाहीतर भाड्याच्या खोलीत राहणारे, आणि कोल्हापूर, नगर, नाशिकहून एसटीने आलेले. म्हणजे किती जण चारचाकीने येणार आणि किती जण पायी गेटबाहेर पडणार, याचा अंदाज महिनाभर आधी तुमच्या हातात असतो. तरीही तुमच्या ॲपमधल्या नकाशावर खाण्याचे स्टॉल होते, बिअरचे काउंटर होते, फोटो काढायची सजवलेली कमान होती. बसथांब्याची खूण एकही नव्हती.

बिअरचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करू. महाराष्ट्रात बिअरसाठी वय एकवीस पूर्ण लागतं, कडक मद्यासाठी पंचवीस. तुम्ही ओळखपत्र बघून मनगटावर पट्टी बांधता. इथवर ठीक. पण दुपारपासून दारू विकायची, मैदानालगत हजारो गाड्यांचं पार्किंग उभारायचं आणि घरी जायचा दुसरा कुठलाही मार्ग ठेवायचा नाही, याचा अर्थ काय होतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. शहाणा माणूस अशा दिवशी गाडी घरी ठेवून येतो. त्या शहाणपणाची शिक्षा म्हणून तुम्ही त्याला रात्री रस्त्यावर सोडता. आणि पिऊन गाडी काढणाऱ्याला बाहेर पडण्यासाठी उजेडातला मोकळा रस्ता देता. पुढे मात्र ज्या खडीवरून आम्ही चालत होतो, त्याच खडीवरून तो गाडी हाकत होता. यात अपघात झाला तर दोष एकट्या चालकाचा नसेल, हे मी आज लिहून ठेवते.

दहाच्या नियमाकडे बोट दाखवून तुम्हाला सुटता येणार नाही. आवाजावर मर्यादा हवीच. आसपासच्या वस्तीत म्हातारी माणसं असतात, तान्ही लेकरं असतात. पण या नियमाने आमच्याकडच्या मैफलींची घडीच बदलली, हे कुणी लक्षातच घेत नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. तो सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर रंगायचा. पहाटेची भैरवी ऐकून माणसं उठायची तेव्हा बस सुरू झालेल्या असायच्या, टपरीवर चहा उकळत असायचा. परत कसं जायचं हा प्रश्न उजाडण्यानेच सोडवलेला असे. आता मैफल संपते ती नेमकी बस विरळ होण्याच्या वेळी. रात्र आयोजकाच्या पदरात पडलीय. तिची सोय त्यानेच लावली पाहिजे.

आणि सोय लावता येते. २०२५ च्या गणेशोत्सवात पुण्याची मेट्रो शेवटच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत धावत होती, आणि विसर्जनाला तर रात्रभर. आषाढीला एसटी पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या सोडते; गावातल्या चाळीस भाविकांनी मिळून मागणी केली तर गाडी थेट त्यांच्या गावात येते. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले बँडचे कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, तेव्हा गोरेगावहून खास लोकल सुटल्या आणि कार्यक्रम संपल्यावर परतही आल्या. त्याच महिन्यात अहमदाबादला त्यांचे कार्यक्रम झाले, त्या दोन रात्री तिथली मेट्रो साडेबारापर्यंत चालू राहिली. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणाऱ्या लोलापलूझा संगीत महोत्सवाला स्टेशन पायी जाण्याच्या अंतरावर आहे. डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवाच्या मैदानालगत तर खास महोत्सवासाठीचं रेल्वे स्थानक आहे. जर्मनीत अनेक कार्यक्रमांचं तिकीट हेच जाण्या-येण्याचं बस-रेल्वेचं तिकीट असतं. यात कुठेही जादू नाही. आधी ठरवणं आहे, करार आहे आणि थोडा पैसा आहे.

थोडा म्हणजे किती, ते बघा. दहा हजार माणसं आली आणि निम्म्यांना बस लागली, तर पाच हजार. एका बसमध्ये पन्नास धरले तर शंभर फेऱ्या. पंचवीस बसनी प्रत्येकी चार फेऱ्या केल्या की मैदान रिकामं. फेरी जवळच्या मेट्रो स्थानकापर्यंत किंवा एसटी स्टँडपर्यंत असली तरी पुरे. एसटी प्रासंगिक करारावर गाडी देते. लग्नाचं वऱ्हाड आणणारा साधा शेतकरीसुद्धा परतीची बस ठरवल्याशिवाय मांडव घालत नाही. तुम्ही तर तिकिटावर वरून "सुविधा शुल्क" लावता! त्या शुल्कात आम्हाला कुठली सुविधा मिळाली, ते एकदा जाहीर करा.

बस येईपर्यंत माणूस गेटच्या आत थांबला तर तुमचं काय बिघडतं? दिवे तासभर जादा चालू राहू द्या. पाण्याचा एक टँकर आणि फोन चार्ज करायला चार टेबलं ठेवा. मुख्य कलाकाराचं सादरीकरण साडेनऊला संपवता आलं तर संपवा, म्हणजे अकराची शेवटची मेट्रो गाठता येईल. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत तुमचा एक जबाबदार अधिकारी गेटवर उभा राहिला पाहिजे, आणि त्याचा नंबर तिकिटावर छापलेला हवा. त्या रात्री तुमच्या मदत क्रमांकावर मी फोन लावला. कुणीही उचलला नाही.

परवानगी देणाऱ्या कार्यालयांनाही याच पत्रात सांगते. अग्निशमनाचा दाखला बघता, रुग्णवाहिका मोजता. परतीच्या वाहतुकीचा लेखी आराखडा नसेल तर ना-हरकत देऊ नका. किती बस, कुठून, शेवटची किती वाजता, एवढं एका कागदावर मावतं.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं पोर येत्या डिसेंबरात अशा महोत्सवाला निघालं असेल तर त्याला अडवू नका. तिथलं संगीत खरोखर ऐकण्यासारखं असतं. पैसे भरण्याआधी मात्र आयोजकांना लेखी विचारा: परतीची शेवटची बस किती वाजता आणि कुठून सुटते? उत्तर आलं नाही तर तिकीट काढू नका.

कळावे,
गाडी नसलेली एक तिकीटधारक