फुटलेला पेपर

पेपरफुटी हा आपल्या भरती परीक्षांचा शोध आहे, असा एक गोड गैरसमज आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येशू ख्रिस्ताने शेवटच्या परीक्षेचा अख्खा पेपर स्वतःच फोडला होता. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५वा अध्याय उघडून पाहा. प्रश्न सहाच. भुकेल्याला जेवू घातलंस का, तहानलेल्याला पाणी दिलंस का, परक्याला आसरा, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. प्रार्थनेला किती वेळा आलास, वर्गणी किती दिलीस, हे कुठेच विचारलेलं नाही. एवढा सोपा पेपर, तोही जगातल्या हजारो भाषांत छापून वाटलेला. तरी निकाल जो लागायचा तोच लागतो.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या मावळपट्ट्यात या परीक्षेचं केंद्र पूर्वीच बसलं होतं. १ नोव्हेंबर १८५८ला व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचून दाखवण्यात आला. ख्रिस्ती धर्माच्या सत्यावर आपली पक्की श्रद्धा आहे, पण ती कुणावर लादायचा इरादा नाही, असं राणीसाहेबांनी त्यात सांगितलं. शब्द इतक्या कसोशीने पाळला गेला, की सरकारने तो धर्म स्वतःवरसुद्धा लादून घेतला नाही.

सारा वसूल व्हायचा तो मात्र पक्क्या श्रद्धेने. सारा भरायला सावकार, सावकाराला कोर्ट, कोर्टाला हुकूमनामा आणि हुकूमनाम्याच्या शेवटी दिवाणी तुरुंग. सहावा प्रश्न तुरुंगातल्यांना भेटण्याचा आहे. सरकारने भेटायला माणसं कमी पडू नयेत म्हणून कर्जदार कुळंच आत घातली. जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले हा महादेव कोळी १८७३पासून सावकारांची नाकं कापत डोंगर हिंडू लागला, तेव्हा सरकारला त्याला पकडायला वेळ मिळाला. १८७६ला तो पकडला गेला. पुढे दख्खन शेतकरी कायदा करून कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं, ते १८७९ साली. मधल्या काळात १८७५चे सावकारांविरुद्धचे दंगे होऊन गेले होते. आपल्याकडे सुधारणा वटहुकमाने होत नाही, सावकाराच्या वह्या जाळल्यावर होते.

पहिला प्रश्न भुकेचा. १८७६-७८च्या दुष्काळात पुणे जिल्हाही होरपळला. १ जानेवारी १८७७ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाबाईंना भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, पंगती झडल्या. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी कामांवरचा खर्च आवरायला पाठवलं. माणूस दिवसाला पौंडभर धान्यावर खडी फोडू शकतो की नाही, याचा त्यांनी प्रयोग करून पाहिला. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडून संप केला. साहेबांना वाटलं, मस्ती आली. उपाशी माणूस संप करतो, म्हणजे पोटात काहीतरी असणारच! या साहेबांना पुढे बढती मिळाली, ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

२ मार्च १८८८ला पुण्यात राणीच्या चिरंजीवांसाठी, ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी, मेजवानी झाली. जरीचे अंगरखे आणि हिऱ्यांच्या भिकबाळ्या यांच्यात जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात आले आणि त्यांनी पाहुण्याला बजावलं, की ही जी मंडळी दिसताहेत ती म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे आईसाहेबांच्या कानावर घाला. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. शिकवलेला धडा विद्यार्थ्याने गुरुजींच्या मालकाला म्हणून दाखवला, एवढंच.

मन लावून पेपर सोडवणारेही होते, आणि त्यांचे हाल पाहण्यासारखे आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तिथल्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन पुढे त्यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. मुद्दा काय, तर रमाबाईंची पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यावरची श्रद्धा शास्त्रशुद्ध आहे की नाही! १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणत होत्या. पुणे जिल्ह्यातल्याच केडगावला त्यांनी त्या शेकडो मुलींना जेवू घातलं, शिकवलं. पेपरात नसलेल्या प्रश्नाचे गुण कापण्याची ही पद्धत परीक्षकांत अजून लोकप्रिय आहे.

एव्हाना काही वाचकांना गुदगुल्या होत असतील. बरं झालं, ख्रिस्ती राज्यकर्त्यांची चांगली खोड मोडली! त्यांनी एकदा भीमाशंकरला जावं. देऊळ खेड तालुक्यात, पण मंचर-घोडेगावकडून येणारी वाट आंबेगावातून डिंभे धरणाच्या कडेने वर चढते. देवळाच्या आवारात एक थोरली पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ला चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तिथल्या घंटांतली ही एक. चर्चची घंटा शंकराच्या दारी टांगली गेली आणि दोन्हीकडच्या भाविकांत काडीचा फरक नाही हे सिद्ध झालं. आवाज तोच, वाजवून गाडीत बसण्याची घाईही तीच.

त्याच वाटेवर दुसरा प्रश्न भेटतो. डिंभ्याचं पाणी कालव्याने खाली जातं, ऊस पोसतं. ज्यांची जमीन बुडाली त्या वरच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ऊस जातो तो विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांना. दोन्ही नावं देवांची, त्याबद्दल तक्रार नाही. तोड करायला आलेलं बिऱ्हाड पाचटाच्या कोपीत, बिबट्याच्या भीतीने पोरं मधोमध घालून झोपतं. आसऱ्याचा तिसरा प्रश्न तिथे तसाच कोरा पडलाय. नारायणगावला मजुरीच्या शोधात उतरलेल्या आदिवासी बायाही उघड्यावरच रात्र काढतात. सकाळी त्यांचा भाव होतो. शेजारी टोमॅटोचाही होतो. टोमॅटो पडला तर निदान बातमी येते.

फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींत काम करणारे जेझुइट. पुण्यात नोंदवलेल्या खटल्यात २०२०च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली. कंपवाताने पेला धरवेना म्हणून नळी असलेला कप मागायला त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ला जामिनाची वाट पाहत ते मुंबईत वारले. तहानलेला, आजारी, तुरुंगातला: तीन प्रश्न एका म्हाताऱ्यात बसवून आपल्यापुढे ठेवले होते. राज्य आता राणीचं नाही, त्यामुळे नापास कोण झालं याचं उत्तर लंडनला पाठवता येत नाही.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली हिरड्याची झाडं उन्मळली आणि भरपाईसाठी आदिवासींना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. तेव्हा आता भीमाशंकरला दर्शनाला जाल, तर पिशवी घेऊन बसलेल्या बाईकडून हिरडा घ्या आणि ती सांगेल तेवढे पैसे द्या. घासाघीस करायची हौस असेल तर ती पार्किंगवाल्याशी करा.